उलटं रीळ

जुन्या चित्रपटांवर मी गेली पंचवीस वर्षं एका साप्ताहिकात महिन्यातून दोनदा सदर लिहितो आणि त्यात फक्त चुका सांगतो. कथा, संगीत, अभिनय यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत; पण नायक निथळती छत्री घेऊन जिन्यात शिरतो आणि वरच्या मजल्यावर पोचतो तेव्हा ती छत्री कोरडी ठणठणीत असते, हे कुणीतरी सांगायला हवंच ना. न्यायाधीशासमोरची दौत एका वाक्यात टेबलाच्या या टोकाहून त्या टोकाला जाते, मरणाऱ्या म्हाताऱ्याची दाढी निरोप देता देता दोन दिवसांइतकी वाढते, हे सगळं मी डोळ्यांत तेल घालून टिपून ठेवतो. वाचक मला छिद्रान्वेषी म्हणतात. ते मी मनावर घेत नाही, कारण त्या चित्रपटांवर माझा जीव आहे. ज्या चेहऱ्यावर जीव जडलेला नसतो त्याच्यावरचे तीळ कोण मोजत बसतं?

ही नजर मला छापखान्यानं दिली. तिथे मी जुळारी होतो, म्हणजे शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवणारा. खिळ्यावरचं अक्षर आरशात दिसावं तसं उलटं कोरलेलं असतं, तेव्हा कुठे ते कागदावर सुलटं उमटतं. उभं आयुष्य मी ती उलटी अक्षरं वाचण्यात घालवलं आणि माझ्याइतकं झरझर वाचणारा दुसरा कुणी त्या छापखान्यात नव्हता. छापखाना बंद पडून बरीच वर्षं झाली, तरी संपादक मला अजून ‘जुळारी’ अशीच हाक मारतो.

बायको टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. रविवारी दुपारी पडदे ओढून, स्टुलावर प्रोजेक्टर ठेवून आम्ही दोघं भिंतीवर चित्रपट पाहतो. मी डोळ्यांनी चुका पकडतो, ती कानांनी. ‘या बाईच्या तोंडी दुसरीच बाई बोलतेय,’ असं ती विणकामातून मानही वर न करता म्हणते, आणि चौकशी केली की नेमकं तेच निघतं. माझ्या सदरातली निम्मी शाबासकी खरं तर तिची; ही गोष्ट मी सदरात कधी लिहिली नाही, याचं मला आज वाईट वाटतं.

सहाशेवा लेख जवळ आला तेव्हा संपादकानं सुचवलं, की इतकी वर्षं लोकांच्या चुका काढल्यात, आता एकदा घरातली चूक लिहा. त्याच आठवड्यात मेव्हण्यानं घर बदलताना सापडलेला एक पत्र्याचा डबा माझ्याकडे पाठवला होता. त्यात आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यातलं, त्यानंच घेतलेलं एक रीळ होतं. नव्या यंत्राचं काम शिकायला छापखान्यानं मला सहा महिने परगावी पाठवलं, त्याच्या महिनाभर आधीचं. मला आयतंच घबाड मिळालं.

रविवारी मी ते रीळ लावलं. तळ्याकाठचा बुटका कठडा, त्यावर आम्ही दोघं, मागे होड्या आणि एक पाटी. मी संत्रं सोलतोय आणि ती कॅमेऱ्याकडे बघून इतकी खळखळून हसतेय, की मला इकडे खुर्चीत बसल्या बसल्या हसू फुटलं. तिला दाखवायला वळलो, तर ती उठून दाराशी गेली होती. कपडे वाळत घालायचे राहिलेत, म्हणाली. आमच्या रविवारात ती मधेच उठून गेल्याचं मला आठवत नाही.

मग माझं लक्ष तिच्या गालावरच्या तिळाकडे गेलं. तिच्या उजव्या गालावर डोळ्याच्या खाली एक ठळक तीळ आहे. भिंतीवरच्या मुलीच्या तो डाव्या गालावर होता.

मी काही नवखा नाही. फिल्मच्या दोन्ही कडांना भोकं असली, की ती प्रोजेक्टरवर उलट्या बाजूनंही बिनतक्रार चढते, आणि मग डावं ते उजवं होतं. असे घोळ मी सदरात कितीदा तरी सांगितले आहेत. म्हणून मी खात्री करायला मागची पाटी पाहिली. ‘नावा भाड्याने मिळतील.’ मी ती सहज वाचली. मग स्वतःकडे पाहिलं. लहानपणी कुत्र्यानं माझ्या डाव्या कानाची पाळी तोडली होती, तिथे खाच आहे. भिंतीवरच्या माझ्याही डाव्या कानाला ती होती. म्हणजे रीळ बरोबर लागलं होतं आणि मी जिथल्या तिथे होतो. राहता राहिली ती.

ती आत आली तेव्हा मी हसत हसत विषय काढला. तिळाचं ऐकून तिनं हातातली रिकामी बादली खाली ठेवली.

“रीळ कुठल्या बाजूनं चढवलंत?” तिनं विचारलं.

“पाटी वाचली मी,” मी म्हणालो. “मला शिकवतेस?”

तिनं माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या चेहऱ्याच्या जरा बाजूला पाहिलं, आणि तीळ आहे तिथेच आहे एवढं बोलून ती स्वयंपाकघरात गेली. मला तो विनोदच वाटायला हवा होता. पण त्या संध्याकाळी ती भांडी पुसत असताना मी दारात उभा राहून पाहिलं. ती उजव्या हातानं पुसत होती. रिळातल्या मुलीनं संत्र्याची फोड डाव्या हातानं घेतली होती.

एकदा चूक दिसली की ती दिसत राहते, हे मी वाचकांना नेहमी सांगतो. पुढचे पंधरा दिवस मी घरात तेच केलं. ती कुठल्या कुशीवर झोपते, चावी कुठल्या हातात धरते, केसांचा अंबाडा कुठून वळवायला घेते, हे मी रिळाशी ताडून पाहिलं, आणि काही म्हणता काही जुळेना. मग मी तिला आडून आडून प्रश्न विचारू लागलो. त्या दिवशी कुठली साडी नेसली होतीस, कोण कोण होतं, परतताना काय झालं? तिनं सगळं अचूक सांगितलं, होडीवाल्यानं उरलेली चिल्लर परत दिली नाही इथपर्यंत. त्यातलं अर्धं मलाच आठवत नव्हतं. इतकं चोख कुणाच्या लक्षात राहतं? जो पाठ करून आलेला असतो त्याच्या.

मी बाहेरच्या खोलीत झोपायला लागलो. माझा चहा मी करून घेऊ लागलो. रात्री दाराला खुर्ची लावायचो आणि सकाळी ती उठायच्या आत काढून ठेवायचो, तरी एकदा तिनं पाहिलंच. तिचा चेहरा पार उतरला. इतक्या वर्षांच्या संसारात मी तिच्यावर कधी हात उगारला नव्हता, पण त्या खुर्चीनं तिला जे लागलं ते मारानंही लागलं नसतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तरीही मला तिची भीती वाटायची आणि त्या भीतीचीच मला लाज वाटायची. माझी खरी बायको कुठेतरी असेल, आणि मी या परकीच्या हातचं जेवत इतकी वर्षं काढली, या विचारानं मी एकदा न्हाणीघरात नळ सोडून रडलो.

शेवटी मी आमच्या मुलीला फोन केला. ती दुसऱ्या गावी असते, बापासारखीच फटकळ आहे. ही तुझी आई नाही, हे मी तिला शक्य तितक्या शांतपणे समजावून सांगितलं.

“बाबा, शनिवारी येते,” ती म्हणाली. “आईला घेऊन जाते मी. मग तुम्ही बसा तुमची रिळं बघत.”

बायकोनं त्यावर एका शब्दानं वाद घातला नाही. शुक्रवारी तिनं कपाटावरची बॅग काढली, पुसली आणि कपडे भरायला घेतले. साड्या, औषधं, विणायला घेतलेला माझाच स्वेटर. तो तिनं आधी बाहेर ठेवला आणि मग पुन्हा आत टाकला.

शनिवारी सकाळी संपादकाचा निरोप आला म्हणून मी कचेरीत गेलो. लेख मी अर्धवट पाठवला होता, पण फोटोसाठी त्या रिळाचा एक तुकडा आधीच दिला होता. संपादकानं मोठा करून घेतलेला फोटो माझ्यासमोर ठेवला आणि खुशीत सांगितलं, की सहाशेव्या लेखात जुळारी स्वतःच फसणार होते, फोटोवाल्यानं वाचवलं. लेखातल्यासारखा तीळ डावीकडे ठेवून पाहिलं, तर रीळ उलटं लागलेलं निघालं. मागची पाटी चक्क उलटी होती, शेंबड्या पोरालाही दिसली असती, आता सगळं सुलटं करून छापलंय.

मी फोटो हातात घेतला. तिचा तीळ उजव्या गालावर होता. संत्र्याची फोड तिच्या उजव्या हातात होती. ती होती तीच होती, आणि मी तिला घाबरून पंधरा दिवस दाराला खुर्ची लावून झोपलो होतो. संपादकासमोरच माझ्या डोळ्यांत पाणी आलं. उलटी पाटी मी खिळ्यांसारखी वाचून मोकळा झालो होतो आणि ती उलटी आहे हे मला समजलंही नव्हतं. आत्ता घरी जायचं, तिचे पाय धरायचे, बॅगेतले कपडे स्वतःच्या हातानं परत कपाटात लावायचे, असं मी ठरवून टाकलं. संपादकानं पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, तुम्ही मात्र तरुणपणी देखणे होता हां. तेव्हा कुठे मी तिच्या शेजारच्या माणसाकडे पाहिलं.

त्याचा डावा कान धडधाकट होता. पाळीची खाच उजव्या कानाला होती.

मी तिथेच डावा कान चाचपला. बोटाला खाच लागली. मी पुन्हा फोटो पाहिला, मग पाटी वाचली, एकेक अक्षर, पहिलीतल्या मुलासारखी. पाटी सुलटी होती. म्हणजे फोटोतली ती तीच होती; तिच्याशेजारचा मी नव्हतो.

घरी कसा आलो ते आठवत नाही. बॅग दाराजवळ तयार होती आणि ती बाहेरच्या खोलीत साडी बदलून बसली होती. मी फोटो तिच्या हातात दिला. तिनं तो खिडकीशी नेला, चष्मा वर सरकवला. स्वतःकडे तिनं पाहिलंच नाही. शेजारच्या माणसाच्या चेहऱ्यावरून तिनं हळूच अंगठा फिरवला आणि तिचे डोळे भरून आले. इतक्या मायेनं तिनं माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं, हे मला तेव्हा समजलं आणि फार लागलं.

“तुला ठाऊक होतं,” मी म्हणालो.

“सहा महिन्यांनी परत आलात आणि दारात ‘आलो’ म्हणालात, तेव्हाच. आवाज ओळखायचाच तर पगार मिळायचा मला.”

मग इतकी वर्षं गप्प का राहिलीस, असं मी विचारलं असावं. ती सांगत राहिली, माझ्याकडे न बघता, ट्रंक कॉलवर पलीकडच्या गावाशी बोलावं तशी सावकाश. आधी भीती वाटली. सासूबाईंनी मुलगा आला म्हणून कुरवाळलं, शेजाऱ्यांनी ओळखलं, छापखान्यानं कामावर घेतलं. मग आपण एकटीनंच कुणाला काय सांगायचं? पुढे मुलगी पोटात राहिली. पुढे सवय झाली. तुम्ही वाईट नव्हता, ती म्हणाली. रविवारी माझ्याशेजारी बसायचात तेव्हा तर चांगलेच वाटायचात. मला वाटायचं, कधीतरी तुम्ही होऊन सांगाल.

तिनं फोटो बॅगेत साड्यांच्या घडीत ठेवला आणि बॅग बंद केली. मग ती माझ्यासमोर येऊन बसली, गुडघ्यांवर हात ठेवून, एखाद्या कचेरीत आपला नंबर यायची वाट बघत बसावं तशी.

“मी काही तुम्हाला दोष देत नाही,” ती म्हणाली. “फक्त एवढं सांगा. ते कुठे आहेत?”

खाली मुलीची गाडी थांबल्याचा आवाज आला आणि मग जिन्यावर तिची पावलं. इतकी वर्षं स्वतःपासूनही लपवलेलं उत्तर द्यायला मी तोंड उघडलं, आणि सुरुवात कुठून करावी तेवढंच मला सुचेना.