यंदाचा कान्हा

सप्ताहाचा सहावा दिवस निम्मा सरला, तरी नारळ आला नव्हता.

सातपूरच्या त्या कामगार वसाहतीत विठ्ठल मंदिराची एक रीत होती. सप्ताहाच्या शेवटच्या सकाळी काल्याचं कीर्तन व्हायचं. महाराज कृष्णाचा आणि गोपाळांचा खेळ रंगवून सांगायचे, आणि सांगता सांगता मंडपात खरोखरच पोरं एकमेकांच्या खांद्यावर चढायची. सगळ्यांत वर कान्हा. त्याने हंडी फोडायची, मग सगळ्यांनी काला खायचा. हा कान्हा कोण, ते भिमाजीबाबा ठरवायचे. वीणा त्यांच्या गळ्यात, म्हणून निवडही त्यांचीच. सहाव्या दिवशी सूर्य मावळायच्या आत ते त्या मुलाच्या घरी जायचे आणि त्याच्या हातात नारळ ठेवायचे. चिठ्ठी नाही, मीटिंग नाही.

गेली सात वर्षं तो नारळ एकाच घरी येत होता. पेठकडून कामासाठी इथे येऊन राहिलेला देवराम दिवसा कारखान्यात लेथ मशीनवर असायचा आणि कीर्तनात मृदंगावर. त्याची मुलगी आशा सहा वर्षांची असताना पहिल्यांदा कान्हा झाली. मुलगी कशी चालेल, असं तेव्हा एक-दोघांनी विचारलं होतं. भिमाजीबाबा म्हणाले, "देवाला इचारून आलो. त्यो म्हनला, चालतंय." विषय मिटला. तेव्हापासून वसाहतीत तिला आशा म्हणणारं कुणी उरलं नाही. दूधवाला, मेडिकलवाला, रिक्षास्टँडवरचे काका, सगळ्यांचं एकच, "काय कान्हा, सुटली का शाळा?" आणि काल्याच्या दिवशी तर वसाहतीतली मोठी मोठी माणसं तिच्या एवढ्याशा पावलांवर डोकं ठेवायची. रागीट सुपरवायझरसुद्धा.

पण यंदा तेरा पूर्ण झाली आणि तिचं अंग तिला न विचारताच वाढायला निघालं. उंची सुटली, इतकी की जूनमध्ये घेतलेला गणवेश दिवाळीपर्यंत तोकडा झाला. कपाळभर पुटकुळ्या आल्या. ओठावर बारीक काळी लव आली, तेव्हा वर्गातल्या मुली म्हणाल्या, "कान्हाला मिशा फुटल्या गं!" दिवाळीतच पाळी आली. आईने, कमळाबाईने, जवळ बसवून सगळं नीट समजावलं, घाबरायचं नाही म्हणाली, आणि शेवटी सहज बोलून गेली, "मोठी झालीस आता."

पोटातल्या कळांनी बसला नव्हता एवढा धसका आशाला या तीन शब्दांनी बसला. आयुष्यभर कीर्तनं ऐकलेली पोर ती. कान्हा मोठा झाला की काय होतं, हे तिला पाठ होतं. रथ येतो. तो मथुरेला जातो. आणि गोकुळात परत येत नाही.

सप्ताहाचे पाच दिवस तिने कसे काढले ते तिलाच ठाऊक. कीर्तनाला बसली की दहा मिनिटांत उठायची. पाण्याच्या टाकीपर्यंत जायची, परत यायची, खांबाला टेकायची, पुन्हा उठायची. घरी आरशासमोर थोडी वाकून उभी राहायची, म्हणजे आरशात मागच्या वर्षीची आशा मावायची. रात्रीचं जेवणही तिने बंद केलं.

"आज काय?" कमळाबाईने विचारलं.

"उपास आहे."

"कसला?"

"एकादशी."

"या आठवड्यातली तिसरी? पंचांगवाल्याला कळव बाई, त्याच्याकडून दोन सुटल्या."

आशाला हसायला आलं नाही. हलकं राहिलं पाहिजे, एवढंच तिच्या डोक्यात होतं. कारण अश्विन. शेजारच्या खोलीतला, तिच्याहून वर्षाने मोठा. चार वर्षं तो खालच्या थरात उभा राहायचा आणि वर चढताना तिचा पहिला पाय त्याच्याच खांद्यावर पडायचा. हल्ली तो जिन्यात दिसला की मोबाइलमध्ये डोकं घालायचा. परवा तिने त्याला अडवलं होतं.

"यंदा सराव कधी?"

"बघू."

"बघू काय? रविवारी काला आहे."

"अगं पण..." तो चपलेकडे बघत म्हणाला, "आता तुला खांद्यावर कसं घेणार?"

"मी जड झालेय म्हणून?"

अश्विनचे कान लाल झाले. "तसं नाय ना," एवढंच म्हणून तो दोन-दोन पायऱ्या गाळत खाली पळाला. आशाला मात्र जे ऐकायचं होतं तेच ऐकू आलं. जड.

शनिवारी उन्हं कलली तेव्हा दारात काठी वाजली. भिमाजीबाबा. धोतराच्या सोग्यात नारळ. आशा आतून पळतच आली आणि येता येता खांदे आत घेऊन उभी राहिली.

"घे कान्हा," बाबा म्हणाले. नारळ दिला, पण दरवर्षी देतात तशी गालावर चापटी दिली नाही. हात वर आला आणि अर्ध्यातून खाली गेला.

ती नारळ देवापाशी ठेवायला आत गेली. बाहेर आईचा आवाज हळू झाला होता, म्हणून नेमका तोच ऐकू आला.

"बाबा, लय ताणू नका आता. पोर वयात आलीय."

"मला काय दिसत नाय व्हय, कमळाबाय? पन पोरगी पाच दिस झाले माज्या तोंडाकडं बघतीय. नाय म्हनायला जीव झाला नाय. ही शेवटची. पुढल्या साली तो बारका आयुष हाय ना, गोपाळांतला पेंद्या होतोय, त्याला करू कान्हा."

शेवटची. आशा देव्हाऱ्यासमोर उभी राहिली. तिने विठ्ठलाकडे काही मागितलं नाही. मागायचं तरी काय? उंची परत घे म्हणून? तिने मनाशी हिशोब मांडला. उद्या कुणाला काहीच बदललेलं दिसलं नाही, अगदी मागच्या वर्षीसारखाच कान्हा दिसला, तर बाबा आपलं बोलणं मागे घेतील. का नाही घेणार?

रविवारी पहाटे आई मंदिरात पुऱ्या लाटायला गेली. आशाने कपाटातून वडिलांची मनगटाला बांधायची लांब लवचीक पट्टी काढली आणि छातीभोवती घट्ट गुंडाळली. एकदा, दोनदा, पाचदा. टोक पाठीशी खोचलं. वरून पिवळी बंडी घातली. आरशात पाहिलं. सपाट. मागच्या वर्षीची. ओठावरच्या लवेवरून तिने हळदीचा हातही फिरवला.

मंदिरामागच्या भांड्यांच्या खोलीत तिला मुकुट बांधायचा होता. तिथे अंजलीताई आधीच येऊन बसल्या होत्या. त्र्यंबकेश्वरच्या बाजूच्या कीर्तनकार, यंदा काल्याला पहिल्यांदाच बोलावलेल्या. चाळिशीच्या असतील. धिप्पाड बाई, पांढरं नऊवारी, आणि खोली भरून टाकणारा आवाज. साधं "चहात साखर कमी" म्हटलं तरी मागे टाळ वाजावेत असं वाटायचं.

"ये ये, कान्होबा," त्या म्हणाल्या. "तुझी हाक काय असते गं? मला कुठे थांबायचं ते कळायला हवं."

आशाने हाक मारली. "शिदोऱ्या सोडा रे गड्यांनो..." आणि "काला करा" म्हणायच्या आतच आवाज चिरकून थांबला.

"पुन्हा."

पुन्हा तेच झालं.

"घसा बसलाय?"

"नाही."

गाणाऱ्याला गाणाऱ्याचा श्वास दिसतो. अंजलीताई उठल्या. शिकवणारे ठेवतात तसा त्यांनी तिच्या पाठीवर पंजा ठेवला आणि तो तसाच राहिला. बंडीखालची ती घट्ट वळकटी हाताला लागली होती. त्यांनी दार लोटून घेतलं.

"कधीपासून बांधलीयस?"

आशाने बंडी खाली ओढली.

"मी हे सहसा सांगत नाही कुणाला," ताई म्हणाल्या. "तेरा-चौदाची होते. वडिलांच्या मागे गायचे. अंग असं सुटलं की वाटायचं सगळा गाव मलाच बघतोय. मग मी पोक काढून बसायला लागले, पेटीच्या आड. लहान बसलं म्हणजे लहानच राहू. दोन वर्षं. पोक गेलं नंतर. पण त्या दोन वर्षांचं गाणं गेलं ते गेलंच."

"तुमचं बरं आहे," आशा एकदम उसळली. "तुम्ही महाराज झालात. मी कान्हा नसले तर कोण आहे मी?"

अंजलीताईंनी मुकुट उचलून तिच्या कपाळावर बांधला.

"ते मला नाही सांगता यायचं, बाळा," त्या म्हणाल्या. "पट्टी सोड, असंही मी म्हणत नाही. तुझं तू बघ. पण हाकेला श्वास लागतो." बाहेर मृदंगावर थाप पडली. त्यांनी पदर खोचला, चिपळ्या घेतल्या आणि गेल्या.

आशाने पट्टी सोडली नाही.

कीर्तन रंगलं. अंजलीताई यशोदा झाल्या, गवळण झाल्या, दूध चोरणारं मांजर झाल्या. त्या धिप्पाड देहाने त्या अशा काही उड्या घेत होत्या की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या टाळ्या पिटत होत्या. आशा मुकुट बांधून बाजूला उभी होती. एरवी हे सगळं तिने प्यायल्यासारखं ऐकलं असतं. आज फासळ्यांत सुया टोचत होत्या, पोटात उपासांचा खड्डा होता. लोक हसले की तिला वाटे, आपल्यालाच हसले.

"...आणि मग यमुनेच्या वाळवंटात माझ्या कान्ह्याने हाक मारली!" अंजलीताई गर्रकन वळल्या आणि त्यांनी हात तिच्याकडे केला.

आशा पुढे आली. पाचशे माणसं. मृदंगावर वडील, डोळ्यांत नेहमीचं कौतुक. तिने श्वास घेतला. तो अर्ध्यावर अडला.

"शिदोऱ्या सोडा..."

पुढे काहीच नाही. बायकांच्या बाजूला कमळाबाई अर्धी उठली. भिमाजीबाबांची वीणेवरची बोटं थांबली.

अंजलीताईंनी एक क्षण तिच्याकडे पाहिलं आणि चिपळ्या दणाणल्या. "कान्हा लपलाय, मंडळी! तो असा हाताला लागायचा नाही, नाम घ्या!" आणि त्यांनी नामाचा गजर उचलला. अख्खा मंडप त्यात सामील झाला. टाळ लागले, देवरामने लय चढवली. कीर्तनकार वेळ सांभाळतात ते असं.

आशा भांड्यांच्या खोलीत धावली. दाराला कडी. बंडीत हात घालून तिने पाठीशी खोचलेलं टोक ओढलं. पट्टी सुटत गेली, सुटत गेली, संपेचना. मग छाती भरून हवा आत गेली आणि ती भिंतीला धरून उभी राहिली. डोळ्यांत पाणी आलं. रडू होतं की नुसती हवा, सांगता येत नव्हतं. बाहेर तिच्यासाठी पाचशे माणसं देवाचं नाव घेत होती. किती वेळ घेणार?

बंडी नीट करून ती बाहेर आली. सरळ. वाकायचं विसरून गेली होती. गजर थांबायची वाटही न बघता तिने हाक मारली.

"शिदोऱ्या सोडा रे गड्यांनो! काला करा!"

आवाज मागच्या वर्षीचा नव्हता. तो खालून आला, भरदार आला आणि मंडपाच्या पत्र्याला जाऊन भिडला. ती स्वतःच दचकली. मृदंगाचा एक ठेका चुकला.

पोरं गोल करून वाकली. अश्विनने खांदा पुढे केला आणि नजर जमिनीत गाडली. आशाने पाय उचलला. त्याच्या मानेवरचा घाम तिला दिसला, लाल कान दिसले. जिन्यातलं ते "तसं नाय ना" तिला आत्ता कळलं. तो वजनाला नव्हता घाबरला. तिच्याइतकाच तोही अवघडला होता. आणि बाजूला पाच वर्षांचा आयुष, पेंद्याची लंगोटी सावरत, वर हंडीकडे आ वासून बघत होता.

तिने पाय खाली ठेवला.

"सरक," ती अश्विनला म्हणाली.

"काय?"

"सरक ना. जागा दे." ती त्याच्या आणि शेजारच्या पोराच्या मध्ये घुसली, खांदे लावले, मान खाली घातली. "यंदा कान्हा खाली. पेंद्या, चढ वर."

"ए पोरी! आसं कुठं आसतंय?" भिमाजीबाबा ओरडले. "कान्हाच फोडतो हंडी!"

मंडपात कुजबुज झाली. अंजलीताईंनी पदर खोचला. "बाबा, ज्याने करंगळीवर डोंगर धरला, त्याला पेंद्याचं ओझं होईल?"

मागून कुणीतरी म्हणालं, "बाबा, देवाला इचारून या!" सगळा मंडप हसला, आणि त्या हसण्यातच देवरामची थाप पडली.

मधला थर चढला. मग आयुष. अस्वलासारखा चढला तो. गुडघा आशाच्या मानेत, टाच तिच्या मुकुटावर. मुकुट नाकावर आला. आशाने दात आवळले. खांदा जळत होता. पण पाय हलले नाहीत. हे लांब, नकोसे झालेले पाय जमिनीत रोवल्यासारखे उभे होते. पहिला फटका हुकला, दुसरा हुकला, तिसऱ्याला दही, लाह्या, डाळिंबाचे दाणे सगळं धो धो खाली आलं.

नंतर पाया पडायच्या रांगेत गोंधळ उडाला. निम्मे लोक आयुषच्या पाया पडले, निम्मे आशाच्या. एक म्हातारी दोघांच्या पडून गेली, उगाच राहायला नको म्हणून. भिमाजीबाबा आले. आशापुढे काठी टेकून उभे राहिले. "पुढल्या साली काय करायचं गं, आशा?"

नाव ऐकून तिला कसंसंच झालं. रडावं की काय.

"माहीत नाही, बाबा."

"मलाबी नाय," ते म्हणाले आणि गेले.

ती पायरीवर बसली. खांदा ठणकत होता. अश्विन दोन द्रोण घेऊन आला, हात लांब करून एक दिला आणि दोन पायऱ्या सोडून बसला.

"दुखतोय?" त्याने विचारलं.

"खूप. तुझा?"

"माझा दरवर्षी दुखतो. चार-पाच दिवस. दप्तर पण घेता येत नाय."

"मग बोलला नाहीस कधी?"

"तू वर असायची ना," अश्विन म्हणाला. "कुणाला सांगणार?"