थॉर्नबेकची न हलणारी रांग

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही, लावा पैज. आमच्या थॉर्नबेकात भल्याभल्यांचा बसत नाही, आणि त्यातले निम्मे तर तेव्हा तिथे हजर होते!

आपण बसलोय ते हे चहाघर, फलाटाला खेटून उभं असलेलं, पाडायला निघाले होते. गाडी बंद करून झाली होती. मग लंडनहून हुकूम आला: स्टेशन जमीनदोस्त करा आणि स्टेशन रोडचं नावही बदला. म्हणे, स्टेशनच नाही तर कसला स्टेशन रोड! आता रूळ येण्याआधी हा रस्ता गूज लेन होता, बाजाराला न्यायची बदकं इथूनच हाकत नेत. पण एका रस्त्यानं बारसं तरी किती वेळा करून घ्यायचं?

ती काउंटरमागे कप पुसतेय ना, ती नेली ओल्डरॉइड. तिचं पोट याच चहाघरावर. वरच्या खोलीत ती आणि तिची आई राहायच्या. चहाघराची ही भिंत पडली असती तर दोघी उघड्यावर.

नेली रडली नाही, भांडली नाही. टोपी घातली, पिशवी घेतली आणि फलाटावर भिंतीला लागून उभी राहिली.

पोस्टातल्या मिस टॅटर्सलनं विचारलं, “काय गं, कशाला उभी?”

“गाडीला.”

“गाडी बंद झाली ना?”

“म्हणूनच तर उशीर होतोय.”

मिस टॅटर्सल मुकाट तिच्या मागे उभी राहिली. आमच्याकडे दोन माणसं एकामागे एक दिसली की तिसरा आधी उभा राहतो, कारण मागाहून विचारतो. दुपारपर्यंत रांग फलाट ओलांडून स्टेशन रोडवर उतरली, खाटकाच्या दुकानावरून थेट चॅपलपर्यंत. लोकांनी विणकाम आणलं, डबे आणले. पोस्टमन रांगेतच टपाल वाटू लागला. एका बाईला रांगेत मुलगा झाला, तर त्या पोरालाही नंबर मिळाला. गूज लेनची आठवण म्हणून बदकंही येऊन उभी राहिली.

“एकच होतं बदक,” नेली काउंटरमागून म्हणाली. “आणि तेही खाटकाकडून सुटलेलं.”

बरं, एक. मग पाडणारी टोळी आली, खांद्यावर हातोडे. मुकादम क्लेग भिंतीकडे निघाला. भिंतीला लागून रांग. तो जरा पुढे घुसला, तशी एक म्हातारी एवढंच म्हणाली, “रांग मागून आहे हो.” क्लेगचे कान लाल झाले. माफी मागितली आणि अख्खी टोळी घेऊन चॅपलपाशी जाऊन उभा राहिला. हातोड्यांसकट! आता रांग पुढे सरकणार कशी? गाडीच यायची नव्हती. नेलीची आई रोज किटली घेऊन तिथवर जाऊन त्यांना चहा विकायची, आणि ते बापडे प्यायचे.

शेवटी लंडनचा साहेब स्वतः आला. म्हणाला, “हा मूर्खपणा बंद करा. परवा हुकुमाची मुदत संपतेय.”

“मग उभे राहा की,” नेली म्हणाली. “वेळ आहे अजून.”

साहेबानं एक हातोडा हिसकावला आणि तरातरा पुढे आला. कोणी हात लावला नाही, कोणी ओरडलं नाही. आधी एकजण खोकला. मग दुसरा. मग अख्ख्या गावानं एकदम असा काही घसा खाकरला की छपरावरची कौलं वाजली! साहेबानं हातोडा खाली ठेवला, टोपी काढली आणि गेला बिचारा रांगेच्या शेवटी. मुदत संपली ती तो तिथे उभा असतानाच. भिंत ही अशी अजून उभी आहे, आणि बाहेरच्या पाटीवर स्टेशन रोडच लिहिलंय. बदलून दाखवा!

आणि तो पहिला खोकला कोणाचा? माझा! नेलीच्या पाठीशी, रांगेत दुसरा, छाती काढून उभा होतो मी!

“सेथ!” नेलीनं कप आपटला. “दुसरी मिस टॅटर्सल होती. तू तर क्लेगच्या टोळीतला, हातोडा घेऊन माझी भिंत पाडायला आलेला!”