स्टोअरवाला हसलाच नव्हता

मित्रांनो, जगातली सगळी मोठी सत्यं अंधारात जन्माला येतात आणि त्या अंधाराचा मालक मी आहे. म्हणजे मी एक जुनं लाकडी कपाट आहे. मला तीन पाय आहेत. चौथ्या जागी वीट आहे.

ज्या सुताराने मला घडवलं, त्याने मला सागाचं म्हणून विकलं. मी सागाचं नाही. पण हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. मला विकत घेणारा गृहस्थ उंच इमारतींच्या बाहेर दोरावर लोंबकळून काचा पुसायचा. पंचवीस वर्षं मी त्याच्या घरचे कपडे सांभाळले. त्याची बायको पाहुण्यांना सांगायची, "कपाट नाही हो, तिजोरी आहे." पुढे लोखंडी कपाट आलं आणि तिजोरीत जुनी पांघरुणं कोंबली गेली.

मग त्यांची मुलगी माझ्यात शिरली. ती रॅप करते. म्हणजे ठेक्यावर बोलत बोलत गोष्ट सांगायची, आणि धाप लागू द्यायची नाही. खोलीत रेकॉर्ड केलं तर शेजारचा मिक्सर आणि नळावरचं भांडणही गाण्यात यायचं. माझ्यातली पांघरुणं मात्र बाहेरचा आवाज गिळतात. ती माईक हँगरला टांगायची आणि दार ओढून घ्यायची.

"लोकांच्या मुली कपाट आवरतात, आमची त्यात राहायला गेलीय," आई म्हणायची.

एके दिवशी बाप दुसऱ्या मजल्यावरून पडला आणि पाय मोडून घरी आला. कमरेला सेफ्टी बेल्ट नव्हता. "मला दिलाच नाही," तो म्हणाला. मुलीने त्यावर गाणं रचलं, बापाच्या तोंडून, 'मी' म्हणत:

आठवा मजला, हातात फडकं,
खाली रस्ता, वर ऊन कडक.
पट्टा मागितला, हसला स्टोअरवाला,
म्हणाला, पडलास तर सांग मला!

"आठवा कुठला गं?" बापाने पलंगावरून विचारलं.

"दुसऱ्यात दम नाही, बाबा."

"अगं, आठव्यावरून पडलो असतो तर माझ्यातही राहिला नसता!"

दोघं हसली. कामगारांना सामान देणाऱ्या स्टोअरवाल्याचं हसूही तिनेच घातलं होतं. गोष्टीला एखादा दुष्ट माणूस लागतो ना! गाणं घरोघरी पोचलं. माझी दारं अभिमानाने फुगली. थोडा दमटपणाही असेल.

पंधरा दिवसांनी तो स्टोअरवाला घरी आला. ठेकेदाराने त्याला कामावरून काढलं होतं. तो खुर्चीच्या टोकावर बसला.

"दादा, मी हसलो होतो का हो?"

बाप भिंतीकडे बघत राहिला.

"पट्टा तुमच्या हातात दिला, सही घ्यायची राहिली. ती माझी चूक. पण माझी पोरगी शाळेत जाईना झालीय. जिना उतरली तरी पोरं म्हणतात, पडलीस तर सांग."

चहा न घेताच तो गेला. मग बाप मुलीला म्हणाला, "कपाटातला खालचा कप्पा उघड."

पट्टा तिथे होता, कोराकरकरीत, प्लास्टिकच्या पिशवीत. मित्रांनो, इतके दिवस ती त्याच्यावरच बसून गात होती आणि मला ते ठाऊक होतं. कपाटाला तोंड नसतं, हा माझा जुना बहाणा.

"तो घातला की तासाला चार खिडक्या कमी होतात," बाप म्हणाला. "मुकादम ओरडतो."

"मग मला खोटं का सांगितलंत?"

"तू रडत होतीस. माझ्याच हाताने पडलो, हे तुला कोणत्या तोंडाने सांगू?"

मुलीने पट्टा मांडीवर घेतला. "तुम्ही एक खोटं सांगितलंत. हसू मी घातलं."

"आता गाणं काढून टाक."

"लोकांच्या तोंडातून कसं काढू? दुसरं करावं लागेल. तुमच्या आवाजात."

"कामावर परत घेणार नाहीत मला."

"हो," ती म्हणाली. तिने 'नाही हो बाबा' म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

शेवटी दोघं आत बसली. बापाचा प्लास्टरमधला पाय दाराबाहेर राहिला, त्यामुळे नळावरचं भांडणही रेकॉर्ड झालं.

"ठेक्यावर बोला ना, बाबा."

"मला नाही जमत. पट्टा मला मिळाला होता. मी घातला नाही. स्टोअरवाला हसला नव्हता." यमक कुठेच नव्हतं.

"ते हसू माझं होतं," मुलगी म्हणाली आणि पुढे तिला धाप लागली.

दुसरं गाणं फार कुणी ऐकत नाही. पहिलं अजून रिक्षात वाजतं. बाप घरीच आहे. स्टोअरवाल्याला परत घेतलं की नाही, मला कळलेलं नाही. त्याची मुलगी शाळेत जाऊ लागली, एवढं आई म्हणाली. मित्रांनो, दुसऱ्याच्या तोंडात शब्द घालण्याआधी एकदा त्याच्या दारावर टकटक करत जा.

आणि येताना कुणीतरी एक हातोडी आणा. खरं बोलायला दोन माणसं बसली, तेव्हापासून माझी तळाची फळी सुटलीय. दोन खिळे पुरतील.