‘वर्धा’ लिहिलेला खोका

आखाती देशातल्या सखीरच्या विद्यापीठात प्रज्योत एसी दुरुस्तीचं काम बघायचा. तिथल्या ग्रंथालयाने जुनी पुस्तकं काढून टाकली, तेव्हा त्याने एक पातळसं पुस्तक उचलून आणलं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन कवितांचं इंग्रजी भाषांतर. सकाळी चहाबरोबर तो एक कविता वाचायचा आणि बायकोला, संघप्रियाला, आपल्या वर्ध्याकडच्या मराठीत समजावून सांगायचा.

त्याच्या पोटातल्या गाठीचा तुकडा तपासणीला गेला, तेव्हा दुसऱ्या दिवशी तो पुस्तकातून वाचून म्हणाला, “हा बुवा म्हणते, किती दिवस उरले ते विचारूच नये. पुढ्यात आलं ते जेवून घ्यावं.”

“त्या बुवांना म्हणा, आमच्या लॅबमध्ये एक शिफ्ट करून बघा. आम्हाला तेच विचारायचा पगार मिळतो.”

तो हसला. मग पुस्तक मिटून म्हणाला, “तुकडा तुझ्याच लॅबमध्ये आहे. डॉक्टर रविवारी सांगणार. तोवर मले काही सांगू नको. तोंडावर दाखवू पण नको. तेवढे दिवस माझे.”

“नाही दाखवणार,” ती म्हणाली. मुळातच अबोल असल्यामुळे तिला ते सोपं वाटलं.

गुरुवारी लॅबमधली रशीदा रजेवर होती, त्यामुळे त्या तुकड्याची काच संघप्रियालाच करावी लागली. पातळ काप घेतला, रंगवला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पेशींच्या जांभळ्या ठिपक्यांची दाटी झाली होती, एकाचा आकार दुसऱ्यासारखा नव्हता. रंग जास्त बसला असेल, असं म्हणून तिने दुसरी काच केली. तीही तशीच निघाली. रिपोर्टवर सही डॉक्टरांची लागते, पण एकोणीस वर्षं काचा पाहिलेल्या डोळ्यांना तिची गरज नव्हती. दोन्ही काचांवर नंबर लिहून तिने त्या डॉक्टरांच्या ट्रेमध्ये ठेवल्या, हात धुतले आणि ईसा टाउनची बस धरली.

घरी येऊन तिने वरण-भात लावला, वांग्याची भाजी केली. रोजची स्टीलची ताटं काढायला गेली आणि थांबली. कपाटावर तो खोका होता. आठ वर्षांपूर्वी घेतलेला डिनर सेट, चिकटपट्टी लावलेला, वर मार्करने ‘वर्धा’ लिहिलेला. तिथलं घर पूर्ण झालं की उघडायचा. लेक श्रावस्ती बारावी झाली तेव्हा प्रज्योत म्हणाला होता, “आज काढू ना वं.” तिनेच नाही म्हटलं होतं. त्याच्या वाढदिवसालाही नाही म्हटलं होतं.

स्टुलावर चढून तिने खोका उतरवला आणि सुरीने चिकटपट्टी कापली. ताटं धुऊन, पुसून मांडली. पांढरी, निळ्या काठाची. आज त्याने चांगल्या ताटात जेवावं, एवढंच तिच्या मनात होतं.

साडेसहाला प्रज्योत आला. हातपाय धुऊन टेबलाशी आला आणि उभाच राहिला. कोपऱ्यात रिकामा खोका होता. त्याने एका ताटाच्या काठावरून बोट फिरवलं. तेव्हा कुठे संघप्रियाच्या लक्षात आलं.

“आज गुरुवारच ना?” त्याने विचारलं.

तिने मान हलवली. चेहरा तिने अजूनही नेहमीसारखाच ठेवला होता.

“तोंडावर नाही दाखवलंस,” तो म्हणाला. “तेवढं पाळलंस.”

मग त्याने खुर्ची ओढली, भाताचं भांडं जवळ घेतलं आणि आधी तिला वाढलं.