बिननावाच्या सॅक्सोफोनची मान

भोंगा हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव आता हजेरीपटापुरतंच उरलं होतं. ती कुजबुजली तरी खालच्या मजल्यावर सगळं कळायचं. त्यामुळे शाळेच्या बँडच्या सरांनी तिच्या हातात सॅक्सोफोन दिला, तेव्हा बाबा म्हणाले होते, "चला, आता निदान सुरात तरी ओरडेल!"

आणि खरंच ती सुरात ओरडायला लागली. इतकी, की शनिवारच्या कार्यक्रमात सरांनी तिला चक्क एकटीने वाजवायचा तुकडा दिला. त्याच्या शेवटी एक उंच, लांबलचक सूर होता. तो लागला की आपलं आयुष्य मार्गी लागलं, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

आणि मंगळवारी ती सॅक्सोफोनवर बसली.

म्हणजे पेटीवर बसली. झाकण लागेना म्हणून. आत सॅक्सोफोनची मान, म्हणजे तोंडाकडची ती वाकडी नळी, आडवी पडली होती, हे तिच्या ध्यानात आलं ते 'टक्' असा आवाज झाल्यावर.

बुधवारी शाळा सुटल्या सुटल्या ती पेटी छातीशी कवटाळून आत्याच्या दुकानात हजर. आत्या फुंकून वाजवायची वाद्यं दुरुस्त करायची. दुकान आजोबांचं, टेबल आजोबांचं, पक्कडींची रांगसुद्धा आजोबांच्या काळातली. आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी एकही पक्कड जागची हलली नव्हती.

"काय केलंस?" आत्याने चष्म्यावरून पाहत विचारलं.

"मी कुठे काय? ती आपोआपच..."

"भोंग्या."

"बसले."

"केवढ्या जोरात?"

"नेहमीच्याच."

आत्याने मान उजेडात धरून फिरवली. चीर चांगली बोटभर होती. "तीनदा डाख देऊन सांधलीय हिला. पत्रा कागदासारखा पातळ झालाय, आता आच दाखवली तर भोकच पडेल. दुसरी मान लागणार."

"मग लाव की! खण भरून माना आहेत तुझ्याकडे."

"बटणं आहेत का ती, दिसलं की लावलं? प्रत्येक कारखान्याची मान निराळी. पोकळीत केसाएवढा फरक पडला, तरी वरचे सूर भलतीकडे जातात. आधी हा सॅक्सोफोन कुणी बनवला ते कळायला हवं."

तीच तर गोची होती. कर्ण्यावर, म्हणजे पुढच्या फुललेल्या भागावर, जिथे कारखान्याचं नाव आणि नक्षी कोरलेली असते, तिथे काही म्हणजे काही नव्हतं. सरांच्या टकलासारखं गुळगुळीत.

आत्याचा पारा चढला. "कुण्या गाढवाने पॉलिशच्या चाकावर धरून घासलाय बघ! चकाकीच्या नादात नाव पुसून बसला. असल्यांना वाद्याला हातच लावू देऊ नये."

"गाढवच!" भोंगाने जोरदार दुजोरा दिला. दुसऱ्या कुणाला तरी शिव्या पडताहेत म्हटल्यावर तिला फार बरं वाटत होतं.

मग आत्या कामाला लागली. चाव्यांच्या तारांची गोलाई पाहिली, भोकांच्या कडा अंगठ्याने चाचपल्या, स्क्रूचे आटे भिंगाखाली धरले. "हा डोंगराकडच्या कारखान्याचा," तिने छातीठोकपणे सांगितलं आणि खणातली एक मान बसवली. भोंगाने फुंकलं. खालचे सूर शहाण्या मुलांसारखे आले. वरचा सूर असा काही किंचाळला, की रस्त्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं.

गुरुवारी दुसरी मान. कुत्रं पुन्हा भुंकलं.

शुक्रवारी संध्याकाळी खणातल्या सगळ्या माना संपल्या आणि भोंगाची पाचावर धारण बसली.

"सरांना सांग, तुकडा दुसऱ्या कुणाला द्या," आत्या हळूच म्हणाली.

"नाही सांगणार. तू अजून आतून कुठे पाहिलंयस?"

"आत काय असणार? आमच्या लोकांच्या खुणा. ज्याने वाद्य उघडलं, त्याने आतल्या बाजूला गिऱ्हाइकाला दिसणार नाही अशी बारीक खूण ओरखडायची, माझी चंद्रकोर असते तशी. रीतच आहे ती. त्यावरून दुरुस्त कुणी केलं ते कळतं, बनवलं कुणी ते नाही."

तोवर भोंगाने मोठ्या चावीवरची जाळी सोडवून बॅटरी आत खुपसलीसुद्धा होती. "एक फुली आहे. एक बाण आहे. आणि सगळ्यात जुना... आत्या, हा तर तुझा चंद्र!"

"माझा कसा असेल?"

"चंद्रकोरच आहे. फक्त हिला डोळे आहेत. आणि हसतेय."

आत्याने बॅटरी हिसकावून घेतली. पाहिलं. मग चष्मा काढून तो बराच वेळ, उगाचच, पदराने पुसत बसली.

"पहिल्या वर्षी," ती अखेर म्हणाली, "मी डोळे काढायचे."

भोंगाने हिशेब जुळवला आणि तिचा आ वासला. "म्हणजे ते गाढव..."

"हो, हो! कळलं!" आत्याचे कान लाल झाले होते. "तुमच्या शाळेतून पॉलिशला आला होता. बाबांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, पहिल्यांदाच मला एकटीला चाकाशी उभं केलं होतं. मला वाटलं, आरशासारखा करून दाखवते. एक बगळा होता कोरलेला, एका पायावर उभा. आधी पाय गेला. मग म्हटलं, नुसता बिनपायांचा बगळा बरा दिसणार नाही..."

"म्हणून आख्खा घासलास?"

"मानेसकट. नाव खाली होतं, ते वाचलंही नाही मी. बाबांनी हातात घेतला, पाहिला, काहीच बोलले नाहीत. मला वाटलं, त्यांच्या लक्षातच आलं नाही."

भोंगाचं लक्ष मात्र टेबलाखाली होतं. "ते बोचकं कसलं?"

"चेपलेल्या मानांचं. भंगार आहे, बाबांनी बाजूला टाकलेलं."

भंगार उलटंपालटं करायला दोन मिनिटं लागली. तळाशी मऊ फलालीनच्या तुकड्यात गुंडाळलेली एक मान निघाली, न चेपलेली. वाकावर कोरलेला इवलासा बगळा, दोन्ही पाय शाबूत: एक खाली, एक पोटाशी. आणि एक चिठ्ठी, आजोबांच्या तिरप्या अक्षरात: 'पोरीने घासला त्याची जोडी. जपून ठेवावी, लागेल.'

आत्या चिठ्ठी वाचून हसली की रडली, ते भोंगाला नीट कळलं नाही. बहुधा दोन्ही.

मान किंचित फिरवताच बसली. भोंगाने डोळे मिटून वरचा सूर लावला. तो सरळ वर गेला आणि तिथेच थांबला, लखलखीत. कुत्रं गप्प.

शनिवारीही तो तसाच लागला. सर इतके खूश झाले, की कार्यक्रम संपल्यावर सॅक्सोफोन उलटसुलट करून पाहू लागले. "बगळ्याचा कारखाना! कमाल आहे. पण मग कर्ण्यावरचं नाव गेलं कुठे? कुणी घासलं?"

आत्या सरांच्या मागेच उभी होती, भिंतीवरचं वेळापत्रक फार लक्षपूर्वक वाचत.

भोंगाच्या पोटात ती गोष्ट नुसती उड्या मारत होती. असला मसाला तिला जन्मात मिळाला नव्हता. तिने मोठा श्वास घेतला, सुरासाठी घेतात तेवढा.

"काय माहीत, सर," ती म्हणाली. तेही हळू आवाजात.