बोटीला ब्रेक नसतो

बस थांबली की डावा हात आपसूक दाराच्या बटणावर जातो.

दादाच्या मानेला पट्टा.

ओली दोरी कोरडीपेक्षा जड.

बेटावरच्या पोरांना सोमवारी शाळा आहे.

उजवी पोटरी ठणकते, आणि बोटीत तर पायाला कामच नाही.

हे सगळं एकाच माणसाच्या डोक्यात, एकाच दुपारी. माणूस बसचा ड्रायव्हर, उभी हयात डांबरावर गेलेली. थोरला भाऊ पाण्यावरचा. बेटावरची पोरं शाळेत आणायचा, परत सोडायचा. त्याचा मणका सरकल्यापासून बोट वहिनी चालवत होती. आता त्याचं ऑपरेशन ठरलं होतं, सोमवारपासून वहिनी दवाखान्यात. बोट बंद पडली तर शाळा दुसरा बोटवाला बघणार, मग दादा बरा होऊन करणार काय? म्हणून दिराने बोटीचा परवाना काढला, सोमवारपासून रजा टाकली आणि तोवर सकाळची पाळी संपली की रोज धक्क्यावर येऊ लागला. आज रविवार. उन्हं उतरल्यावर शाळेच्या हेडबाई त्याच्या हाती पोरं द्यावीत का ते बघायला येणार होत्या.

सरळ रेषेत बोट चालवणं त्याला जमत होतं. घोडं अडत होतं ते धक्क्याला लावताना.

"भाऊजी, पाय कशाला दाबताय? तळाला भोक पडेल."

"सवय आहे हो, वहिनी."

"तिरकी आणा. गिअर काढा. आता चाक धक्क्याकडे, आणि जरासा रिव्हर्स. शेपूट आपोआप आत येतं. तुमच्या भावासारखंच आहे, पुढून ओढलं की येत नाही."

तो हसला नाही. हसायलाही अंगात काही उरावं लागतं. त्याने चाक फिरवलं, रिव्हर्स टाकला, जरा जास्तच टाकला. बोट धक्क्यावर आदळली. टांगलेल्या जुन्या टायरने कुरकुर केली. पुन्हा. मग लांबच राहिली. पुन्हा.

हेडबाई आल्या, छत्रीवर हात टेकून उभ्या राहिल्या. वहिनी बोटीतून उतरून त्यांच्या शेजारी गेली. त्याने बोट तिरकी आणली, गिअर काढला, चाक फिरवलं, रिव्हर्सचा एक घोट दिला. शेपूट आत आलं. बोट धक्क्यापासून हातभर अंतरावर थांबली, अगदी थांब्याला बस लागावी तशी.

आणि त्याचा डावा हात चाकावरून सुटून दाराचं बटण शोधू लागला.

बोटीला कुठलं दार? तेवढ्यात वाऱ्याने बोट अलगद बाहेर ढकलली. हातभराचं वावभर झालं, दोन्ही हात पसरले तरी पुरणार नाहीत एवढं. वहिनी धक्क्यावर हाताची घडी घालून उभी. दोरी मागितली नाही, ओरडली नाही.

त्याला वाटलं, इथेच बसावं. इंजिन बंद करावं, वारा नेईल तिकडे जावं. मग त्याने नाक पुसलं आणि बोट लांबून वळवून परत आणली. या वेळी थकव्यामुळे घाई करणंही जमेना. बोट रांगत आली. शेपूट आत घेतलं, गिअर काढला, टायरला टेकल्यावर डावा हात त्याने मांडीखाली दाबून धरला. उजव्या हाताने दोरी खुंट्याला गुंडाळली. गाठ पडल्यावरच मांडी उचलली.

"पहिल्यांदा काय झालं?" हेडबाईंनी विचारलं.

"मी पोचलो असं वाटलं."

"आणि दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा बांधली."

हेडबाईंनी छत्रीच्या टोकाने गाठ दाबून पाहिली. "उद्या पोरं बसायच्या आधी अशीच बांधा. मी असेन इथे." आणि निघून गेल्या.

तो बोटीतच बसून राहिला. वहिनीने वरून पाण्याची बाटली दिली. "दुसऱ्यांदा बरी लावलीत," ती म्हणाली. तिच्या तोंडून कौतुक एवढंच निघायचं. तो पाणी प्यायला. पाय अजून तळाला दाबलेला होता.

ऑपरेशन आठवडाभर पुढे गेल्याचा दवाखान्याचा फोन वहिनीला दुपारी जेवतानाच आला होता; उद्याची बोट ती स्वतः नेऊ शकली असती, पण तिने ते त्याला सांगितलं नव्हतं.