पाठ नसलेला कोट

मित्रांनो, मी एक जुना काळा कोट आहे. आजवर कितीतरी माणसांनी मला अंगात घातलं, पण मला घालून कोणी घरी गेलं नाही. बेंगळुरूच्या जे. पी. नगरमधल्या एका फोटो स्टुडिओचा मी कोट. खुंटी हे माझं घर आणि खुंटीपासून कॅमेऱ्यासमोरच्या स्टुलापर्यंत हा माझा प्रवास.

शिंप्याने मला उरलेल्या कापडातून शिवलं. कॉलर अशी ऐटदार काढली की मीच हुरळून गेलो. पण मग त्याने कात्री घेतली आणि माझी पाठ मानेपासून खालपर्यंत उभी कापून टाकली. मला फार वाईट वाटलं. स्टुडिओचा कोट असाच असतो, हे मला नंतर कळलं. जाडा माणूस आला की माझी पाठ उघडी राहते, हडकुळा आला की चिमटे लावून मला आवळतात. फोटोत पाठ कोणाला दिसते? बडा घर पोकळ वासा म्हणतात, तो मीच.

स्टुडिओचे मालक नागोजीराव. त्यांचं मराठी घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरातच राहिलेलं. फोटो काढताना ते प्रत्येकाला कानडी मिसळून म्हणत, "स्वल्प, थोडी मान वर. सरी, बरोबर. आता हलू नका." माझ्यावर त्यांचा भारी जीव. रोज सकाळी आधी देवाला उदबत्ती आणि मग मला ब्रश. तेव्हा कॉम्प्युटर शिकलेली मुलं भराभर परदेशी निघाली होती आणि त्यांच्या पासपोर्टवर, व्हिसाच्या अर्जांवर मीच झळकत होतो. "या कोटात फोटो काढलेला रिकाम्या हाती परतत नाही," असं नागोजीराव सगळ्यांना सांगत. मीही ते खरं मानत होतो.

एके दिवशी सुधींद्राचार्य आले. ते जवळच्याच देवळाचे पुजारी. अंगावर धोतर आणि उपरणं, शेंडीला गाठ, कपाळावर आणि दंडांवर गोपीचंदनाच्या मुद्रा. सोबत त्यांची बायको सुप्रीता होती.

"नागोजीअण्णा, व्हिसासाठी फोटो हवा," ते म्हणाले. "तिकडे परदेशात आपल्या लोकांनी देऊळ काढलंय. पुजारी नाही. मी जाईन म्हणतो."

"किती दिवसांसाठी?"

"दिवसांसाठी नाही, वर्षांसाठी. तिथेच राहून देवाचं काम करायचं, असा लांबचा व्हिसा असतो. मद्रासला त्या देशाची कचेरी आहे."

नागोजीरावांनी विचारलं, इथलं देऊळ सोडून एवढ्या लांब कशाला? सुप्रीताने सांगितलं. आचार्यांचे थोरले भाऊ भीमसेन हे देऊळ निघालं त्याच गावात नोकरीला होते आणि तिथेच अचानक वारले. अंत्यविधीला मंत्र म्हणायला कोणी नव्हतं, म्हणून मित्रांनी मंत्रांची कॅसेट लावली. ती मध्येच अडकली. एकाने बाहेर काढून पेन्सिलीने फीत गुंडाळली आणि पुन्हा लावली. तोवर दहनगृहातल्या माणसांनी वेळ संपल्याचं सांगितलं. अर्धे मंत्र तसेच राहिले.

"त्या गावात पुन्हा कोणाला कॅसेटवर निरोप द्यायला लागू नये," आचार्य म्हणाले. "एवढंच."

नागोजीरावांनी डोळे पुसले आणि मला खुंटीवरून काढलं. "मग पंचाईत नको, आचार्य. साहेब लोक कपडे बघतात. शर्ट-टाय मी देतो. मुद्रा पुसा, शेंडी कॉलरमध्ये घाला." आचार्यांनी मुकाट्याने ऐकलं. फोटो धुऊन आल्यावर सुप्रीता तो बराच वेळ बघत राहिली. "हे बँकेतले कोणीतरी दिसतात," ती म्हणाली. नागोजीरावांना ती तारीफ वाटली.

मुलाखतीलाही मीच जायचं ठरलं. नागोजीरावांनी शिंप्याकडून माझ्या पाठीला धावदोरा घालून घेतला आणि बजावलं, "काही झालं तरी कोट काढू नका." मित्रांनो, मी पहिल्यांदाच रस्ता पाहत होतो, रेल्वे पाहत होतो. माझा आनंद गगनात मावत नव्हता.

मद्रासच्या त्या कचेरीत काचेपलीकडे एक गोरे साहेब आणि कन्नड जाणणाऱ्या एक दुभाषी बाई होत्या. साहेबांनी फोटो पाहिला, आचार्यांना पाहिलं. बाईंनी विचारलं, "पुजारी आहात ना? मग रोजच्या पूजेत म्हणता त्यातलं थोडं म्हणून दाखवा."

साधी गोष्ट होती. लहानपणापासून त्यांच्या जिभेवर बसलेले मंत्र. पण आचार्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. शिवलेलं वस्त्र अंगावर असताना मंत्र म्हणायचे नाहीत, हा त्यांच्या घरातला नियम. आणि अंगावर तर मी होतो, माझ्या आत शर्ट होता. त्यांचा हात माझ्या गुंड्यांपाशी आला. तिथेच थांबला. चारचौघांत, साहेबांसमोर कपडे कसे काढायचे?

"आत्ता नाही म्हणता येणार," ते कसेबसे म्हणाले.

"का?"

साहेबांपुढे घरातला नियम सांगायची त्यांना लाज वाटली. माझ्या आत त्यांचं काळीज धडधडत होतं आणि मला ओरडावंसं वाटत होतं, अरे, मला काढा, फेकून द्या कोपऱ्यात. कोटाला कुठली वाचा? शेवटी साहेबांनी कागद परत केले. ज्याला पूजा येत नाही त्याला पुजारी म्हणून कसं पाठवायचं? त्यांचंही चुकलं नाही.

बेंगळुरात परतल्यावर आचार्यांनी सगळं सांगितलं. नागोजीराव स्टुलावर बसून राहिले. "मीच तुम्हाला सजवून पाठवलं," ते म्हणाले. त्यांनी माझ्या पाठीचे टाके स्वतःच्या हाताने उसवले. त्या दिवशी मला ब्रश मिळाला नाही.

"पुन्हा अर्ज करा," सुप्रीता म्हणाली. "देवळात जसे असता, तसेच जा."

"हसतील."

"हसू देत. गप्प राहिलात म्हणून परत पाठवलं, कोणी हसलं म्हणून नाही."

दुसरा फोटो काढला तेव्हा मी खुंटीवर होतो. उघडे खांदे, त्यावर उपरणं, दंडांवर मुद्रा. नागोजीराव या वेळी "स्वल्प मान वर" म्हणाले नाहीत. मान वरच होती.

मद्रासला काय झालं ते आचार्यांनी येऊन सांगितलं. साहेब तेच होते. "मागच्या वेळी गप्प का राहिलात?" त्यांनी विचारलं. आचार्यांनी कोटाची आणि नियमाची गोष्ट सांगितली, कॅसेटचीही सांगितली. साहेब म्हणाले, "हे तेव्हाच सांगायचं होतं. आता म्हणाल?" आचार्यांनी हात जोडले आणि मंत्र म्हटले. रांगेतली माणसं बोलायची थांबली. व्हिसा मिळाला.

पुढच्या वर्षी सुप्रीता स्वतःच्या व्हिसाच्या फोटोसाठी आली. तिकडच्या लोकांनी कळवलेली हकिगत तिने सांगितली. ऐन थंडीत गावातले एक आजोबा वारले. बाहेर बर्फ साचलं होतं. दहनगृहाच्या गार दालनात आचार्यांनी कोट, स्वेटर, शर्ट काढून खुर्चीवर ठेवले, उपरणं घेतलं आणि उघड्या अंगाने उभे राहून शेवटच्या अक्षरापर्यंत सगळे मंत्र म्हटले. "त्यांच्या दाताला दात लागत होते," ती म्हणाली. "पण मंत्र कुठे थांबला नाही." नागोजीराव कॅमेऱ्यामागे तोंड लपवून उभे होते. मी त्या खुर्चीवरच्या कोटाचा विचार करत होतो. त्याने बाजूला राहून फार मोठं काम केलं, असं मला वाटलं.

आता स्टुडिओत कॉम्प्युटर आला आहे. तो माणसाच्या गळ्याखाली आयता कोट चिकटवतो. माझी कोणाला गरज उरली नाही. धूळ साचली आहे, बाहीला कसर लागली आहे. कधी आठवण झाली तर मला ऊन दाखवा, दोन डांबराच्या गोळ्या खिशात टाका, एवढंच मागणं आहे. आणि मित्रांनो, कोणाला माझ्यासारखा कोट चढवण्याआधी त्याला एकदा विचारा, की हा घालून तुला करायचं काय आहे? कॉम्प्युटरचा तो कोट माझ्यापेक्षा देखणा आहे, त्याला पाठीची कटकटही नाही. पण तो काढून खुर्चीवर ठेवता येत नाही.